प्राचीन इराणचा मुलूख आणि आजचा नकाशा

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बक्षीस समारंभाच्या पाहुण्याने थोडक्यात बोलावे असा संकेत आहे. मुलांचे डोळे टेबलावरच्या कपांकडे लागलेले असतात आणि बाहेरगावच्या पालकांना शेवटची एस.टी. गाठावयाची असते. मी आयुष्यभर इतिहास शिकवला, तेव्हा थोडक्यात बोलणे जमेलच अशी हमी देता येत नाही. चिटणीस साहेबांनी घड्याळाकडे बोट दाखवले की थांबेन. मात्र त्यांच्या पदाच्या नावाविषयीच मला एक गोष्ट सांगावयाची आहे, तेवढी होईपर्यंत त्यांनी कळ काढावी.

आजचा विषय मला एका विद्यार्थ्याने दिला. १९८० च्या सुमारास मी आठवीच्या वर्गाला प्राचीन इराणचे साम्राज्य शिकवीत होतो. पुस्तकातल्या नकाशावर पातळ कागद ठेवून साम्राज्याची हद्द पेन्सिलने उतरवली, मोठी केली, आणि तो कागद भिंतीवरच्या आजच्या नकाशावर धरून मुलांना म्हटले, आता आत किती देश येतात ते मोजा. मुलांनी मोजले, मी आकडा कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवला. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला. त्यानंतर शाळेला नवा नकाशा मिळाला, आणि मी तोच जुना कागद नव्या नकाशावर धरून नव्या वर्गाला मोजावयास लावले. आकडा पाचाने वाढला. एका मुलाने विचारले, ‘सर, राज्य तेवढेच आहे, कागदही तोच आहे, मग देश वाढले कसे?’

वाढले ते असे. पूर्वीच्या नकाशात जेथे एकच सोव्हिएत संघ रंगवलेला होता, तेथे आता आर्मेनिया, अझरबैजान, जॉर्जिया, तुर्कमेनिस्तान, उझबेकिस्तान आणि ताजिकिस्तान असे सहा देश झाले होते. मी त्याला उत्तर दिले खरे, पण त्याचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. हद्दी जर अशा आपल्या डोळ्यांदेखत पुसल्या आणि आखल्या जातात, तर अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या राज्याचे या देशांत आज उरले तरी काय?

आधी राजांची ओळख थोडक्यात करून देतो, कारण ती क्रमिक पुस्तकात आहेच. पार्स म्हणजे आजच्या इराणमधील शिराझच्या आसपासचा डोंगराळ मुलूख. अरबी भाषेत ‘प’ नाही, म्हणून पार्सचे फार्स झाले आणि भाषेला फारसी नाव पडले. या पार्सचा राजा कुरुश, ज्याला इंग्रजी पुस्तके सायरस म्हणतात, याने इ.स.पूर्व ५५० मध्ये मीडियाच्या राजाला हरवले, पुढे तुर्कस्तानातील लिडियाचे श्रीमंत राज्य घेतले आणि ५३९ मध्ये बाबिल शहर जिंकले. त्याचा मुलगा कंबुजीय याने ५२५ मध्ये इजिप्त घेतला. त्यानंतरचा दारयवहुश म्हणजे पहिला दारियस, आपल्याकडच्या जुन्या लोकांचा दारा. त्याने इ.स.पूर्व ५२२ ते ४८६ पर्यंत राज्य केले. त्या काळात हे राज्य सिंधू नदीपासून युरोपातल्या थ्रेसपर्यंत पसरले होते. इ.स.पूर्व ३३० मध्ये सिकंदराने ते संपवले. सारा कारभार सव्वादोनशे वर्षांचा.

आजच्या नकाशावर हा मुलूख म्हणजे इराण, इराक, सीरिया, लेबनॉन, जॉर्डन, इस्रायल व पॅलेस्टाईन, तुर्कस्तान, सायप्रस, इजिप्त, लिबियाचा पूर्वेकडील किनारा, बल्गेरिया व ग्रीस यांचा काही भाग, मघाशी सांगितलेले सहा देश किंवा त्यांचे काही भाग, अफगाणिस्तान आणि पाकिस्तान. एखादी टोळी मांडलिक धरावी की नाही यावर आकडा थोडा कमीजास्त होतो. अरब लोक मांडलिक नव्हते, मित्र होते, असे हेरोडोटस हा ग्रीक इतिहासकार सांगतो. ते दरवर्षी एक हजार टॅलंट वजनाचा ऊद भेट म्हणून पाठवीत. दारियसच्या प्रांतांच्या यादीत ‘मका’ असेही एक नाव आहे. मुलांनो, त्याचा मक्का शहराशी काही संबंध नाही. तो मकरानचा किनारा. समोरचा ओमानचा किनाराही त्यातच येत असावा, असे कित्येक अभ्यासक मानतात. मस्कतला नोकरीस असलेल्या आपल्या गावच्या मंडळींना हे सांगावयास हरकत नाही.

आणि आपला हिंदुस्थान? दारियसच्या यादीत ‘हिंदुश’ हा प्रांत आहे, ‘गंदार’ही आहे. सिंधु या शब्दातील ‘स’ चा इराणी लोकांनी ‘ह’ केला, त्यातून हिंदुश आले, त्यातून हिंद. परंतु तो प्रांत म्हणजे सिंधूकाठचा प्रदेश, आणि तो आज पाकिस्तानात आहे. म्हणजे मुलूख तिकडे राहिला आणि त्याचे नाव आपल्याकडे आले.

हा विषय ठरल्याचे कळले तेव्हा एका पालकांनी मला रस्त्यात थांबवून विचारले, ‘मास्तर, हे बादशहा इस्लामच्या हजार-बाराशे वर्षे आधीचे, अहुरमज्दाचे नाव घेणारे. आपल्या मुलांना त्यांचे काय?’ प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून त्याला टाळून पुढे जात नाही. मौलाना अबुल कलाम आझाद, जे पुढे स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री झाले, त्यांनी आपल्या ‘तर्जुमानुल कुरआन’ या ग्रंथात हाच कुरुश म्हणजे जुल्करनैन असे मत मांडले आहे. पासारगाद येथील एका कोरीव आकृतीच्या डोक्यावर शिंगांचा मुकुट आहे, तोही त्यांनी पुराव्यात घेतला. बहुतेक जुने भाष्यकार जुल्करनैन म्हणजे सिकंदर समजत, आणि दोन्ही मते न मानणारेही आहेत. मी आलिम नव्हे, त्यामुळे निवाडा माझ्याकडे नाही. मला एवढेच दाखवावयाचे आहे की एका मौलानांना या राजाचा शिलालेख आणि पुतळा यांत डोके घालावेसे वाटले. ‘आपले काय’ असे म्हणून ते उठून गेले नाहीत.

आता मुलांसाठी एका इमारतीची हकीकत सांगतो. इराणच्या खुझिस्तान प्रांतात शूश नावाचे गाव आहे. तेथे दारियसने राजवाडा बांधला आणि त्याचा जमाखर्च म्हणावा असा एक लेख लिहवून ठेवला. त्यात सामान कोठून आले ते सांगितले आहे. देवदाराची लाकडे लेबनॉनच्या डोंगरातून आली. अश्शूरच्या लोकांनी ती बाबिलपर्यंत आणली, तेथून पुढे दुसऱ्यांनी. दुसऱ्या एका जातीचे लाकूड गंधाराहून, म्हणजे पेशावर-तक्षशिलेच्या मुलखातून. सोने तुर्कस्तानातील सार्डिसहून आणि अफगाणिस्तानातील बल्खहून. निळा लाजवर्द सोग्दियाहून, म्हणजे समरकंदच्या बाजूने. फिरोजा ख्वारिझमहून. चांदी आणि आबनूस इजिप्तहून. हस्तिदंत सुदानकडून, कंदाहारकडून आणि आपल्या हिंदुशहून. दगड घडवणारे आयोनियाचे ग्रीक, सोनार मीडियाचे आणि इजिप्तचे, विटा पाडणारे बाबिलचे. घर बांधलेल्या कोणाही माणसाने हा लेख वाचावा. गवंडी, सुतार आणि सामान यांचा मेळ घालताना मालकाची काय दशा होते ते त्याला ठाऊक असते. येथे तर गवंड्यांच्या आणि सोनारांच्या भाषाच निराळ्या होत्या.

त्या मुलाने मोजलेले निम्मे देश या एका लेखात आहेत, आणि येथे ते हद्दींनी नव्हे, मालाने आणि कामाने ओळखले जातात. पर्सिपोलिसच्या जिन्यावरही तेच. तेथे दगडात निरनिराळ्या मुलखांचे लोक भेटी घेऊन रांगेने चढताना कोरले आहेत. कोणी उंट आणतो, कोणी घोडा, कोणी कापड. हिंदुशच्या माणसाच्या खांद्यावर आपल्याकडे असते तशी कावड आहे. बहुधा आत सोन्याचा कस असावा, कारण हिंदच्या प्रांताकडून ३६० टॅलंट सोन्याची रेती खंडणीत येई असे हेरोडोटस लिहितो.

हे सर्व सुखाने चालले होते असे मात्र कोणी समजू नये. किरमानशाहजवळ बेहिस्तूनच्या कड्यावर दारियसने आपला जो मोठा लेख कोरवला, त्यात बंडखोरांचे नाककान कसे कापले, डोळा कसा काढला आणि त्यांना दारात कसे बांधून ठेवले, हे तो अभिमानाने सांगतो. कुरुशची एक मातीची नळी आहे, वीतभर लांबीची, १८७९ मध्ये बाबिलच्या उत्खननात सापडलेली. ती २०१३-१४ च्या हिवाळ्यात मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आली होती. मानवी हक्कांची पहिली सनद म्हणून तिचा गाजावाजा होतो. १९७१ मध्ये इराणने तिची प्रतिकृती संयुक्त राष्ट्रसंघाला भेट दिली ती याच भावनेने. परंतु तिचा मजकूर बाबिलच्या जुन्या राजांच्या पद्धतीचाच आहे. नव्या राजाने देवळे दुरुस्त केली, लोकांना घरी परत पाठवले, शहराची देवता प्रसन्न झाली, असा. राजा उदार असेल, पण सनद हा शब्द आपण आपल्या काळातून नेऊन त्याच्या तोंडी घातला आहे.

मग हा अवाढव्य कारभार चालत कसा होता? सैन्याने जिंकता येते, परंतु सार्डिसच्या अधिकाऱ्याचा हुकूम सिंधूपर्यंत जावयाचा तर रस्ता पाहिजे आणि लिहिणारा पाहिजे. सार्डिस ते शूश या शाही रस्त्यावर १११ मुक्काम होते आणि पायी जाणाऱ्याला ९० दिवस लागत, असे हेरोडोटसने लिहून ठेवले आहे. आणि लिहिणाऱ्यांचे काम आपल्या हाती आले ते १९३३-३४ मध्ये. पर्सिपोलिसच्या तटबंदीतल्या खोल्यांत मातीच्या हजारो इष्टिका सापडल्या. मोडकेतोडके तुकडे धरून संख्या तीस हजारांच्या घरात जाते. अभ्यासासाठी त्या शिकागोच्या विद्यापीठाकडे उसन्या नेल्या. पुढे त्यांच्यावर अमेरिकन न्यायालयात दावे लागले. २०१८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्या जप्त होऊ दिल्या नाहीत, आणि त्यानंतर त्यांतील पुष्कळशा टप्प्याटप्प्याने इराणला परत गेल्या.

या इष्टिकांवर राजाची स्तुती नाही, लढाई नाही. आहे तो शिधा. अमक्या अधिकाऱ्याने अमक्या मजुरांना इतके धान्य दिले, शिक्का. हिंदुशहून आलेली मंडळी शूशकडे निघाली आहे, तिला वाटेत इतके पीठ दिले, शिक्का. स्त्रियांच्या तुकडीवर प्रमुख म्हणून स्त्रीच असे आणि तिचे महिन्याचे माप साध्या पुरुष मजुराहून जास्त असे. बाळंतिणीला जादा शिधा होता. मुलगा झाला तर पूर्ण, मुलगी झाली तर त्याच्या निम्मा. अडीच हजार वर्षांत हा हिशेब किती बदलला, ते पालकांनी आपापल्या घरी पाहावे.

येथे एक विचित्र गोष्ट लक्षात घ्या. ज्या लोकांनी प्रत्येक मापाची नोंद ठेवली, त्यांच्याच भूमीतील लोक पुढे ही अक्षरे वाचावयास विसरले. मग पडक्या दगडांना गोष्टी चिकटल्या. पर्सिपोलिसला लोक तख्ते जमशीद म्हणू लागले, आजही म्हणतात. बादशहांच्या थडग्यांखाली कोरलेल्या स्वारांना पाहून लोकांना वाटले, हा रुस्तम. म्हणून त्या जागेचे नाव नक्शे रुस्तम. खुद्द कुरुशच्या कबरीला सुलेमानच्या आईची कबर म्हणत. फिरदौसीच्या शाहनाम्यात दारा आणि सिकंदर आहेत, परंतु बेहिस्तूनचा लेख कोरवणारा दारियस कोणाच्या आठवणीत नव्हता. लेख डोळ्यांसमोर होता. त्याखालून कारवान जात-येत होते. वाचणारा नव्हता.

ती अक्षरे पुन्हा बोलती झाली ती कशी, हे शिक्षकांनी अवश्य मुलांना सांगावे, कारण त्यात एक शिक्षकच आहे. आंकेतिल द्यूपेराँ हा फ्रेंच तरुण १७५८ मध्ये सुरतेस आला, पारशी दस्तुरांकडून अवेस्ताची भाषा शिकला आणि १७७१ मध्ये त्याने त्या ग्रंथांचे भाषांतर छापले. त्यातून युरोपला जुन्या इराणी नावांची रूपे कळली. जर्मनीतील ग्योटिंगेन गावी ग्रोटेफेंड नावाचे लॅटिन-ग्रीक शिकवणारे शाळामास्तर होते. त्यांनी १८०२ मध्ये ती नावे हाताशी घेऊन असा तर्क केला की या लेखांच्या आरंभी ‘अमुक, मोठा राजा, राजांचा राजा, अमुकाचा मुलगा’ असा मजकूर असणार. या एका धाग्यावरून त्यांनी दारियस, त्याचा मुलगा आणि त्याचा बाप अशी तीन नावे ओळखली. तेथील विद्वत्सभेने त्यांचा निबंध पूर्ण छापला नाही. शाळामास्तरांच्या बाबतीत असे होते.

तिसरा मनुष्य हेन्री रॉलिन्सन. सतरा वर्षांचा असताना, १८२७ मध्ये, हा कंपनीच्या मुंबईच्या फौजेत दाखल झाला. फारसी तो येथेच शिकला. पुढे इराणात नेमणूक झाली तेव्हा बेहिस्तूनच्या कड्यावर शिड्या लावून त्याने लेख उतरवून घेतला. लेख तीन भाषांत आहे. त्यांपैकी बाबिलच्या भाषेतील भाग अशा ठिकाणी आहे की रॉलिन्सनला तेथे पोचता येईना. १८४७ मध्ये एका कुर्दी मुलाने ते काम पत्करले. हातापायांच्या बोटांवर लोंबकळत तो कडा ओलांडून गेला, खुंट्या ठोकल्या, दोराचा पाळणा केला आणि त्यात बसून ओल्या कागदाचे ठसे घेतले. बाबिल आणि अश्शूरची सारी भाषा पुढे जी वाचता आली, तिच्यात या ठशांचा वाटा मोठा आहे. रॉलिन्सनला सर ही पदवी मिळाली. मुलाचे नाव त्याने लिहून ठेवले नाही.

आता आपल्या चिटणीस साहेबांकडे येतो. बेहिस्तूनच्या लेखात ‘दिपि’ असा शब्द आहे, अर्थ लेख. तो इराण्यांचाही मूळचा नव्हे, बाबिलकडून एलामच्या भाषेतून आलेला. दुसरा शब्द ‘निपिश्त’, म्हणजे लिहिलेले. आता दोनशे-अडीचशे वर्षे पुढे या. सम्राट अशोकाने गंधारात शाहबाजगढी आणि मानसेहरा येथे धर्मलेख कोरविले. त्यांत ‘दिपि’ आहे, आणि शाहबाजगढीला लिहिण्यासाठी ‘निपिस्त’ हे रूपही आहे. म्हणजे पार्सचे राज्य जाऊन मौर्यांचे आले, तरी त्या भागातल्या कारकुनांचे शब्द जागेवरच होते. त्या लेखांची खरोष्ठी लिपी हीदेखील इराणी कारभारात चालणाऱ्या आरामाईक लिपीवरून घेतलेली. निपिश्तचे पुढे फारसीत नविश्तन झाले. लिहिणारा तो नवीस. चिठ्ठ्या लिहिणारा तो चिटणीस, फर्द लिहिणारा फडणीस, फारसी लिहिणारा पारसनीस. पेशव्यांच्या दफ्तरात आणि आपल्या आडनावांत हा शब्द आहे, आणि आज तो या व्यासपीठावर उजवीकडून तिसऱ्या खुर्चीत बसला आहे.

आरामाईकचा उल्लेख आला म्हणून आणखी थोडे. ही भाषा पार्सच्या लोकांची नव्हती. सीरिया-इराकच्या लोकांची होती, अश्शूरच्या काळापासून कारभारात रुळलेली. दारियसच्या वंशाने ती दूर केली नाही, उलट सर्वत्र चालवली. त्यामुळे इजिप्तच्या दक्षिण टोकाला अस्वानजवळ सापडलेले कागद आणि अफगाणिस्तानातल्या बल्खचे चामड्यावरचे सरकारी कागद एकाच भाषेत आहेत. तिच्याच लिपीची एक शाखा नबाती लोकांकडे गेली आणि नबातीतून अरबी लिपी घडली. आपली मुले पाटीवर अलिफ, बे गिरवतात, त्या अक्षरांच्या पूर्वजांत या दफ्तरांतली अक्षरे आहेत. रस्त्यात थांबवणाऱ्या त्या पालकांना माझे हे दुसरे उत्तर.

इतक्या लांबचे नको असेल तर नाशिकला जावे. पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचा दानलेख आहे आणि त्यात नहपानाला क्षत्रप म्हटले आहे. हे लोक शक, इराणी राजे नव्हेत. पण पदवी मूळची त्या प्राचीन इराणचीच, प्रांताचा रक्षक या अर्थाची. ग्रीकांनी तिचे सत्रप केले, आपण क्षत्रप. साम्राज्याचा मुलूख सिंधूवर थांबला आणि अधिकाऱ्याच्या पदवीने पुढे प्रवास करून गोदावरी गाठली. तिला चारपाचशे वर्षे लागली एवढेच.

चिटणीस साहेबांनी घड्याळ दाखवले आहे. पर्सिपोलिसच्या इष्टिकांतील एक नोंद सांगून बसतो. मजूर, प्रवासी, बाळंतिणी यांच्या शिध्याबरोबर थोड्या इष्टिकांवर पार्सच्या काही मुलांचा शिधा लिहिला आहे. त्यांचे काम काय, तर लेखांची नक्कल करणे. पोरे अक्षरे गिरवीत होती आणि सरकारी कोठारातून त्यांना धान्य मिळत होते. त्यांची नावे इष्टिकेवर नाहीत. धान्याचे माप आहे आणि देणाऱ्याचा शिक्का आहे.

बक्षिसे सुरू करावीत. पहिले नाव पाचवीच्या मुलीचे आहे, ती केव्हापासून उभी आहे.